वरणाचे पाणी आणि प्रथिनांचा हिशेब

(लातूर जिल्ह्यातील सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि अंगणवाडी कार्यकर्त्या यांच्या प्रशिक्षण शिबिरात झालेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी हा विषय जेवणाच्या आधी ठेवला, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. भरल्या पोटी प्रथिनांवरील व्याख्यान ऐकणे कोणालाही जडच गेले असते. शिवाय थोड्याच वेळाने आपण पंगतीला बसणार आहोत. तेव्हा मी जे बोलेन त्याचा पडताळा लगेच समोरच्या ताटात घेता येईल.

लातूर हा डाळींचा प्रांत. तूर, हरभरा, मूग, उडीद यांची पोती येथील आडतीवर येतात आणि येथील डाळ गिरण्यांतून निघालेली तूरडाळ देशभर जाते. अशा ठिकाणी उभे राहून प्रथिनांच्या उणिवेविषयी बोलणे म्हणजे नदीकाठी तहानेविषयी बोलण्यासारखे आहे, असे कोणास वाटेल. मलाही पूर्वी तसेच वाटत असे. मी अनेक वर्षे आहारशास्त्र शिकविले. त्या निमित्ताने विद्यार्थिनींना बरोबर घेऊन खेडोपाडी घरोघरचे अन्न तोलीत हिंडले. चूल पेटण्यापूर्वीच आम्ही तराजू, मापाचे पेले आणि वही घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसत असू. कच्चा शिधा तोलायचा, शिजलेले अन्न पुन्हा तोलायचे, आणि कोणाच्या ताटात किती पडले ते लिहून ठेवायचे, असे हे काम. घरातली माणसे पहिल्या दिवशी संकोचतात, दुसऱ्या दिवशी विसरतात. खरी नोंद तिसऱ्या दिवसापासून होते.

अशाच एका घरी आठ महिन्यांचे एक मूल होते. घर खाऊनपिऊन सुखी. आजी नातवावर जीव टाकणारी. वरण शिजले, पातेले खाली उतरले, आणि ते जरा निवून डाळ तळाशी बसल्यावर आजींनी वरचे पाणी अलगद वाटीत काढून घेतले. त्यात मिठाचा खडा आणि तुपाचा थेंब घालून त्यांनी ते मुलाला चमच्याने पाजले. “डाळीचा सगळा कस ह्या पाण्यात उतरतो,” असे त्यांनी मला समजावून सांगितले. मी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच परवानगीने एक वाटीभर तसे पाणी मलमलीच्या फडक्यातून गाळले. फडक्यावर जे उरले ते चिमटीत मावले असते. उरलेली सारी डाळ पातेल्याच्या तळाशी होती आणि ती घरातील मोठ्या माणसांच्या ताटात गेली. आजी बराच वेळ त्या फडक्याकडे पाहत राहिल्या. मग एवढेच म्हणाल्या, “म्हणजे इतके दिवस मी लेकराला पाणीच पाजलं का?”

त्या घरात डाळ होती, पैसा होता आणि मायाही होती. तरीही मुलाच्या पोटात डाळ जात नव्हती. माझ्या आजच्या भाषणाचा विषय खरे तर एवढाच आहे. आपल्याकडे प्रथिने देणाऱ्या पदार्थांचा तुटवडा आहे, असे आपण समजतो. तुटवडा आहेही, पण त्याचा मोठा भाग पातेल्यातून वाटीत जाताना निर्माण होतो.

प्रथिनांची जुनी धास्ती

प्रथिने म्हणजे शरीर बांधणारे द्रव्य, हे शाळेतील प्रत्येक मुलाला पाठ असते. स्नायू, रक्त, कातडी, केस, जखमेवर येणारी खपली, रोगाशी झुंजणारी द्रव्ये, या साऱ्यांना प्रथिने लागतात. ती सुमारे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची बनलेली असतात. यांपैकी नऊ शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत, म्हणून ती अन्नातूनच मिळावी लागतात. येथपर्यंत काही वाद नाही.

वाद झाला तो प्रथिनांची उणीव नेमकी कोठून येते, यावर. १९३३ साली आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घाना देशात, डॉ. सिसिली विल्यम्स यांनी लहान मुलांच्या एका विचित्र आजाराचे वर्णन केले. अंगावर सूज, तांबूस पडलेले केस, सोलणारी कातडी अशी त्याची लक्षणे होती. धाकटे भावंड जन्मल्यावर आईच्या दुधावरून तुटलेली आणि मक्याच्या पेजेवर राहिलेली ही मुले होती. तेथील भाषेतील ‘क्वाशिओरकर’ हे नाव त्यांनी वैद्यकात रूढ केले. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर जगभरच्या तज्ज्ञांनी कुपोषण म्हणजे मुख्यतः प्रथिनांची उणीव, असे समीकरणच मांडले. १९६८ साली संयुक्त राष्ट्रांनी काढलेल्या एका अहवालाच्या शीर्षकातच येऊ घातलेल्या प्रथिन-संकटाचा इशारा होता. मग माशांचे पीठ, खनिज तेलावर वाढविलेले सूक्ष्म जंतू, पावात मिसळलेले लायसिन असे नाना उपाय निघाले. आपल्याकडे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने भुईमूग आणि हरभरा यांच्या पिठांचे एक मिश्रण तयार केले होते. त्या सगळ्या उपायांत मला ते सर्वांत शहाणपणाचे वाटते, कारण त्यातील दोन्ही वस्तू आपल्या शेतातल्या होत्या.

या समीकरणाला आकड्यांच्या आधारे आव्हान देणाऱ्यांत एक नाव महाराष्ट्राचे आहे. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत सांख्यिकी विभागाचे संचालक होते. त्यांनी दाखवून दिले की, भारतात ज्यांच्या आहारात प्रथिने कमी पडतात त्यांच्यापैकी बहुतेकांना मुळात पोटभर अन्नच मिळत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. सी. गोपालन यांचे निरीक्षणही याच दिशेचे होते. सुजलेल्या मुलांच्या आणि नुसत्या सुकलेल्या मुलांच्या आहारात त्यांना मूलतः फरक आढळला नाही. दोन्हीकडे अन्नच अपुरे होते. १९७४ साली डोनाल्ड मॅक्लारेन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या साऱ्या प्रथिन-मोहिमेला ‘महान फसगत’ अशा अर्थाचे नाव दिले. कमी अन्नाशी शरीर बऱ्याच अंशी जुळवून घेते, हे सुखात्मे यांचे पुढील काळातील मत मात्र वादग्रस्त ठरले आणि मलाही ते पटत नाही. पण त्यांचा पहिला मुद्दा पक्का आहे.

तो मुद्दा चुलीच्या भाषेत सांगता येईल. घरात जळण संपले म्हणजे माणूस नाइलाजाने खाटेचा गात मोडून चुलीत घालतो. शरीराचेही तसेच आहे. भाकरी, भात, तेल यांतून पुरेसे उष्मांक मिळाले नाहीत, तर खाल्लेली प्रथिने शरीर बांधण्याऐवजी जळणासारखी खर्च होतात. अर्धपोटी मुलाला महागडे प्रथिन दिले, तर ते असेच चुलीत जाते. म्हणून प्रथिनांचा विचार पोटभर जेवणापासून सुरू करावा लागतो.

दहा ग्रॅमचा प्रश्न

आता हिशेब करू. शिक्षकांनी फळ्यावर मांडावा, इतका तो सोपा आहे.

भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली ठरविलेल्या प्रमाणानुसार निरोगी प्रौढ व्यक्तीला वजनाच्या प्रत्येक किलोमागे दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ५५ किलो वजनाच्या स्त्रीला सुमारे ४६ ग्रॅम, ६५ किलोच्या पुरुषाला सुमारे ५४ ग्रॅम. म्हातारपणी ही गरज घटत नाही. घटते ती चावण्याची शक्ती, आणि म्हणून चहा-पावावर आलेले वृद्ध आपल्याला घरोघर दिसतात. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वागावे. पुढील हिशेब त्यांच्यासाठी नाही.

शेतमजुरी करणाऱ्या एका स्त्रीचे दिवसभराचे जेवण घ्या. ज्वारीच्या चार भाकरी, म्हणजे सुमारे ३०० ग्रॅम पीठ. ज्वारीत शेकडा दहा या मानाने प्रथिने धरली तर ३० ग्रॅम झाली. पाहा, निम्म्याहून अधिक प्रथिने भाकरीनेच दिली. धान्याला आपण नुसते पोट भरण्याचे साधन समजतो, हा त्याच्यावर अन्याय आहे. आता आमटी. ती पातळ असते. तिच्या वाट्याला आलेल्या आमटीत मोठ्या मुश्किलीने १५ ग्रॅम डाळ असते. तूरडाळीत शेकडा २२ प्रथिने, म्हणजे ३ ग्रॅम. शेंगदाण्याची चटणी १५ ग्रॅम धरली तर साडेतीन ग्रॅम. एकूण झाले सुमारे ३७. गरज ४६ ची. कमी पडले ९ ग्रॅम, हिशेबाच्या सोयीसाठी दहा म्हणू.

हे दहा ग्रॅम म्हणजे काय? दोन मुठी फुटाणे, किंवा मटकीची घट्ट उसळ दीड वाटी, किंवा दीड अंडे, किंवा म्हशीच्या दुधाचा एक मोठा पेला. आमटीत प्रत्येक माणसामागे तीन चमचे डाळ वाढविली, तरी हे अंतर बरेचसे भरून निघते.

पण हिशेब येथे संपत नाही. नुसत्या वजनाने प्रथिने मोजणे म्हणजे मजुरांची नुसती डोकी मोजण्यासारखे आहे. गवंडी किती आणि बिगारी किती, हेही पाहावे लागते. ज्वारी, गहू, तांदूळ यांच्या प्रथिनांत लायसिन नावाचे अमिनो आम्ल कमी असते. त्यामुळे केवळ भाकरीतून आलेली ३० ग्रॅम प्रथिने शरीराला पुरती उपयोगी पडत नाहीत. डाळींमध्ये लायसिन भरपूर असते, पण मेथिओनिन कमी. ते धान्यात असते. दोघांची उणीव दोघे भरून काढतात. म्हणून भाकरीबरोबर डाळ खाल्ली, तर डाळीतील प्रथिने तर मिळतातच, शिवाय भाकरीतील प्रथिनांनाही मोल येते. तीन भाग धान्यास एक भाग डाळ, हे प्रमाण आहारतज्ज्ञ सांगतात. २०२४ साली राष्ट्रीय पोषण संस्थेने दिलेल्या रोजच्या आदर्श ताटात २५० ग्रॅम धान्य आणि ८५ ग्रॅम डाळ-कडधान्ये आहेत, ती जवळपास याच प्रमाणात.

हे शास्त्र गेल्या शंभर वर्षांतले. पण आपल्या स्वयंपाकघराला ते फार पूर्वीच उमगले होते, असे मला राहून राहून वाटते. थालिपिठाच्या भाजणीत काय असते? ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ, आणि त्यांच्या जोडीला हरभराडाळ व उडीद. मेतकुटात भाजलेल्या डाळी आणि धान्य एकत्र दळलेले असते. दात येणाऱ्या मुलाला मऊ भात, तूप आणि मेतकूट भरवणारी आई कोणत्याही डब्यातील भुकटीपेक्षा वाईट अन्न देत नाही. खानदेशात ज्वारी आणि उडीद एकत्र दळून कळण्याची भाकरी करतात. कोकणात डाळी कमी पिकतात, पण तेथे भाताबरोबर कुळथाची पिठी आणि मासे आले. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागल्या की सुके बोंबील आणि सुकट निघते. वजनाच्या निम्म्याहून अधिक प्रथिने असलेला हा पदार्थ गरिबाच्या घरी शिंकाळ्यावर टांगलेला असतो. आपल्या मराठवाड्यात हुलग्याचे माडगे आहे, पिठले आहे. पिठले-भाकरीला आपण गडबडीचे जेवण समजतो, पाहुण्यांपुढे वाढायला ओशाळतो. प्रथिनांच्या दृष्टीने ते लग्नातल्या पुरी-जिलेबीपेक्षा कितीतरी सरस आहे.

उपासाचे मात्र बोलायला हवे. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतातच. खिचडीला थोडेफार सत्त्व येते ते तिच्यातील दाण्याच्या कुटाने. वर्षभर आठवड्याला दोन-दोन उपास करणाऱ्या भगिनींनी राजगिरा, दूध, शेंगदाणे यांना जवळ करावे. उपास मोडण्याचा आग्रह मी करणार नाही. त्या वाटेने गेलेले बरेच प्रचारक रिकाम्या हाताने परत आलेले मी पाहिले आहेत.

आणखी एक समजूत. मोड आणल्याने कडधान्यातील प्रथिने दुप्पट होतात, असे अगदी पाठ्यपुस्तकाच्या सुरात सांगितले जाते. ते खरे नाही. मोड आल्याने क जीवनसत्त्व वाढते, लोह शोषून घेण्यास अडथळा करणारे द्रव्य घटते आणि पचन सुलभ होते. म्हणून मोड अवश्य आणावेत. पण मूठभर मटकी मोड येऊन ओंजळभर दिसू लागली, तरी तिच्यात भर पडली असते ती मुख्यतः पाण्याची.

डब्यांचाही उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. शहरातील व्यायामशाळांपासून तालुक्याच्या औषध दुकानांपर्यंत प्रथिनांच्या भुकट्या आल्या आहेत. माल्टच्या गोड भुकट्या तर कित्येक वर्षे मुलांच्या उंचीचे आमिष दाखवीत आहेत. डब्याच्या पाठीवर बारीक अक्षरात लिहिलेले वाचा. दोन चमच्यांत किती ग्रॅम प्रथिने, आणि साखर किती? तेवढ्याच पैशात किती फुटाणे, किती अंडी येतात, याचा त्रैराशिकाने हिशेब करा. सातवीच्या मुलांना हे गणित मी अनेकदा घातले आहे. उत्तर काढल्यावर मुले पालकांवर रागावतात. राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०२४ च्या आपल्या मार्गदर्शक सूचनांत शरीर कमावण्यासाठी अशा भुकट्या घेऊ नयेत, असेच सांगितले आहे.

वाटी कोणाची?

आता अवघड भागाकडे वळते. वर सांगितलेले दहा ग्रॅमचे अंतर सामान्य स्त्रीचे होते. तीच स्त्री गरोदर असेल, तर शेवटच्या तीन महिन्यांत तिला रोज आणखी २२ ग्रॅम प्रथिने लागतात. गरज ६८ वर जाते, आणि अंतर होते ३१ ग्रॅमचे. आणि नेमके याच काळात अनेक घरांत तिचे अन्न कमी केले जाते. मूल फार मोठे झाले तर बाळंतपण अडेल, ही भीती मी सासवांकडूनच नव्हे, शिकलेल्या सुनांकडूनही ऐकली आहे. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते, हौसेने पाच पक्वान्ने होतात. दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा सर्वांच्या मागून जेवते, तेव्हा पातेल्यात आमटीचे पाणी उरलेले असते. बाळंतीण झाल्यावर हळिवाची खीर, डिंकाचे लाडू मिळतात, ते चांगलेच आहे. पण हरभरा वातूळ, मटकी वातूळ, असे म्हणत डाळी-कडधान्ये बंद होतात. पहिल्या सहा महिन्यांत बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईला रोज सुमारे १७ ग्रॅम जादा प्रथिने लागतात. कडधान्य सोसत नसेल तर मुगाची डाळ, दूध, अंडे द्यावे. काहीच न देणे हा उपाय नव्हे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील शंभरांतील पस्तीस मुले वयाच्या मानाने बुटकी आढळली. याचे कारण एकटी प्रथिने नव्हेत. वारंवारचे जुलाब, दूषित पाणी, कमी वयातील बाळंतपण, ही सारी कारणे आहेत. पण उंचीची ही तूट मुख्यतः गर्भात आणि पहिल्या दोन वर्षांत पडते. म्हणजे ज्या काळात आईला मागून वाढले जाते आणि बाळाला वरणाचे पाणी मिळते, त्याच काळात. सहा महिने पुरे झाल्यावर आईच्या दुधाबरोबर बाळाला कुस्करलेली घट्ट खिचडी द्यावी. चमचा तिरपा केला तरी ओघळू नये, इतकी घट्ट. अंगणवाडीच्या भगिनींनी आयांना माप सांगण्यापेक्षा हा तिरपा चमचा दाखवावा. तो लक्षात राहतो.

दुधाचेही असेच. दारात दोन म्हशी असलेल्या घरी लहान मुलगी कोरा चहा पीत असलेली मी पाहिली आहे. सारे दूध सकाळ-संध्याकाळ संकलन केंद्रावर जात होते. दुधाचा पैसा घराला हवाच असतो. मी फक्त पावशेर दूध मागे ठेवा म्हणते, आणि तेही चहात न घालता.

सोयाबीनची कथा आणखी चमत्कारिक आहे. मध्य प्रदेशाबरोबर महाराष्ट्र हे देशातील सोयाबीनचे प्रमुख राज्य. आपल्या जिल्ह्यात खरिपात नजर पोहोचेल तेथवर सोयाबीन असते. डाळींहूनही अधिक, शेकडा सदतीस ते चाळीसच्या आसपास प्रथिने असलेले हे पीक. आपण ते पिकवितो, मळतो, आणि पोते शिवून बाजारात पाठवितो. पुढे त्याचे तेल निघते आणि पेंड कोंबड्यांना जाते. घरात मात्र सोयाबीनचा दाणा शिजत नाही. तो कच्चा खाऊ नये, हे खरे. त्यात पचन बिघडविणारे द्रव्य असते. पण उकळत्या पाण्यात वीस मिनिटे शिजवून, वाळवून, नऊ किलो ज्वारीत एक किलो या प्रमाणात दळून आणले, तर भाकरीच्या चवीत फारसा फरक पडत नाही. मघाच्या त्या स्त्रीच्या चार भाकरींत यामुळे सुमारे आठ ग्रॅम प्रथिनांची भर पडते. बहुतेक सारे अंतर पीठाच्या डब्यातच मिटते.

तराजू पंचायतीचा

घरातील वाटीवर सरकारचा अंमल चालत नाही, आणि चालूही नये. परंतु जेथे सरकारी अन्न शिजते, तेथे आपण सर्व जबाबदार आहोत.

शिधापत्रिकेवर २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला महिन्याला पाच किलो धान्य मिळते. २०२३ पासून ते विनामूल्य आहे. त्याने पोटाचा मोठा आधार झाला. पण ते मुख्यतः गहू आणि तांदूळ आहेत. डाळ घराने विकत घ्यावी लागते आणि महागली की प्रथम तिच्यातच काटकसर होते. देशात १९५१ साली दर माणशी दररोज सुमारे ६० ग्रॅम डाळी उपलब्ध होत्या. २००१ साली ते प्रमाण ३० ग्रॅमवर आले होते. पुढे उत्पादन आणि आयात वाढल्याने ते सुधारले, पण ज्या पिढीने ते दिवस काढले तिच्या हाताला पातळ आमटीचे वळण लागले ते लागलेच. हरितक्रांतीने गहू-तांदळाला जे दिले ते डाळींना दिले नाही, ही तक्रार मी अनेक वर्षे करीत आले आहे. आज पुन्हा करते.

शाळेतील पोषण आहाराचे प्रमाण निश्चित आहे. पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम डाळ, सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० आणि ३० ग्रॅम. यातून अनुक्रमे १२ आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा हेतू आहे. पंचायत सदस्याला लक्षात ठेवायला एकच आकडा पुरे: प्राथमिकची शंभर मुले जेवणार असतील तर पातेल्यात दोन किलो डाळ पडली पाहिजे. एका शाळेत मी सकाळी तराजू घेऊन उभी राहिले. हजेरी १४० ची होती. हिशेबाने २ किलो ८०० ग्रॅम डाळ हवी, पडली दीड किलोच्या आसपास. माझ्या मनात लगेच संशय आला, तो तुमच्याही मनात आला असेल. पण चौकशीअंती निघाले ते वेगळेच. डाळीचा पुरवठा तीन आठवडे उशिरा आला होता आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी होती ती डाळ पुरवून पुरवून वापरली होती. माल आल्यावरही हाताचे माप तेच राहिले. त्यांना कोणी तोलून दाखविलेच नव्हते. मुख्याध्यापकांनी एका डब्यावर खूण करून ‘शंभर मुलांचे माप’ असे रंगाने लिहून दिले. त्या दिवसापासून तेथील खिचडी पिवळी दिसू लागली.

डोंगरी व आदिवासी भागांत २०१५ साली सुरू झालेल्या अमृत आहार योजनेत गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण जेवण, आणि पुढे बालकांना अंडी, अशी व्यवस्था झाली. या योजनेतील मला भावलेली गोष्ट म्हणजे आई अंगणवाडीत बसून जेवते. घरी नेलेला शिधा सर्वांत वाटला जातो, आणि वाटणीत तिचा क्रम आपल्याला ठाऊक आहे. आपल्या भागात अशी योजना नसली, तरी गावातील पाच-सहा गरोदर स्त्रियांना आठवड्यातून काही दिवस एकत्र डबा खायला बसविणे बचतगटांना अशक्य नाही.

वेळ झाली. जाता जाता एक सांगते. येथे येण्यापूर्वी मी मागे स्वयंपाकाच्या मांडवात डोकावून आले. आज आपण दीडशे माणसे जेवणार आहोत आणि आमटीला पाच किलो तूरडाळ घातली आहे. माणशी तेहतीस ग्रॅम, म्हणजे सुमारे सात ग्रॅम प्रथिने. प्रमाण चांगले आहे. मात्र पातेले तासाभरापूर्वी उतरले असल्याने डाळ खाली बसली असणार. वाढप्यांना मी डाव तळापासून ढवळून घ्यायला सांगितले आहे. आपल्या शंकांना जेवणानंतर उत्तरे देईन.